दहावीला पुढं कोण विचारतंय

माझ्या मुलीला दहावीत शहात्तर टक्के पडले, तेव्हा घरी जो जो आला तो जाताना एकच वाक्य बोलून गेला. "अगं, दहावीला पुढं कोण विचारतंय?" सिन्नरची माझी नणंद हेच म्हणाली, घोटीचे मामेसासरे हेच म्हणाले, तिच्या शाळेच्या बाईही हेच म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानेसुद्धा साखर बांधता बांधता तेच ऐकवलं. मीही ते खरं धरून चालले. माझं लग्न ठरताना लोकांनी मला भाकरी थापायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, पण दहावीला किती होते हे काही कोणी विचारलं नव्हतं.

आता आठ वर्षांनी कळलं कोण विचारतंय ते. देशातल्या मोठमोठ्या मॅनेजमेंटच्या संस्था विचारतायत. त्या किराणावाल्याला जाऊन सांगावं असं फार मनात होतं, पण त्याने दुकान विकलं आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

झालं असं, की मुलगी इंजिनिअर झाली, अंबडला एका कंपनीत लागली, आणि दोन वर्षं तिथे काढल्यावर तिच्या मनात एमबीएचं आलं. कुठलंही एमबीए नव्हे. ज्या संस्थांचं नाव काढलं की लोक खुर्चीत सरळ बसतात, तिथलं. मी म्हटलं, कर बाई. आमच्याकडे तोपर्यंत कोणी नाशिकच्या बाहेर शिकायला गेलं नव्हतं. आम्ही म्हसरूळच्या पुढे राहतो. माझे दीर-जाऊ अजून मेथी-कोथिंबीर पिकवतात, नवरा सातपूरच्या कंपनीत शिफ्टमध्ये, मी एका पतसंस्थेत. पोरीने नोकरी सांभाळून वर्षभर अभ्यास केला. कंपनीच्या बसमध्ये ती गणितं सोडवायची, रविवारी क्लासला जायची. सणाला कोणाकडे गेली नाही की कोणाच्या लग्नात नाचली नाही.

निकाल लागला. नव्याण्णवच्या वर पर्सेंटाइल. म्हणजे शंभरातले नव्याण्णव तिच्या मागे, असं मला तिने समजावलं. मी त्याच संध्याकाळी पेढे आणले. नवरा म्हणाला, "अगं, आधी मुलाखतीचं बोलावणं तर येऊ दे." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला कुठल्याही आनंदात मीठ कमी लागतं. आळीत सगळीकडे पेढे पोचले. सासऱ्यांनी तर दोन खाल्ले, त्यांना साखर आहे तरी.

आणि मग बोलावणी यायला लागली ती दुसऱ्यांना. तिच्याच क्लासमधल्या एका मुलीला सगळ्यात वरच्या संस्थेचं बोलावणं आलं. तिचे गुण आमच्या पोरीपेक्षा कमी. आमच्या पोरीला काही नाही. एक संस्था गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. रोज संध्याकाळी ती लॅपटॉप उघडायची, बघायची, मिटायची आणि म्हणायची, "आई, कुकर लावू का?" मला वाटलं काहीतरी घोळ झालाय. कॉम्प्युटरला काय, तो चुकीचं नाव कुठेही चिकटवतो, पतसंस्थेत मी रोज बघते. म्हणून मी रजा टाकून तिच्या क्लासच्या सरांकडे गेले.

सर म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा मुलगा. मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, घोळ काही नाही. प्रोफाइलमध्ये मार खातेय ती."

"प्रोफाइल म्हणजे?"

"दहावी, बारावी, डिग्री, नोकरी. या सगळ्याला ते गुण देतात आणि प्रवेशपरीक्षेच्या गुणांत मिळवतात. तिचं बाकी सगळं चांगलं आहे. दहावी खाली खेचतेय."

"अहो, दहावी?" मी म्हटलं. "चोवीस वर्षांची घोडी झालीय ती. तेव्हा दोन वेण्या घालत होती."

"हो, पण त्यांना सातत्य बघायचं असतं. पोरगं लहानपणापासून नेटाने करतंय का, की एकदाच जोर लावलाय."

"आणि मग ही एवढी परीक्षा कशाला घेतली? आधीच विचारायचं ना दहावीला किती, म्हणजे आम्ही फी भरलीच नसती."

तो बिचारा हसला. त्याचं काही चुकलं नव्हतं हे मलाही कळत होतं, पण समोर तोच होता. मी त्याला विचारलं की सोळाव्या वर्षी पडलेले मार्क पुढे कधी पुसता येतात का. चोरी केली तर माणूस शिक्षा भोगून सुटतो. कर्ज बुडवलं तरी काही वर्षांनी आमची पतसंस्था पुन्हा दारात उभं करते. दहावीचं काय? तो म्हणाला, "दहावी परत देता येत नाही, मॅडम." तेवढं मलाही माहीत होतं. मी उठले. सातत्य म्हणे. त्या पोरीच्या सातत्याचं मला विचारा.

तर आता ते शहात्तर टक्के कसे पडले ते सांगते. सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पोरगी मोबाइल बघत बसली असेल.

त्या वर्षी जानेवारीत माझे सासरे कोथिंबिरीच्या जुड्या टेम्पोत चढवताना घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत बॉल बसवला, आणि ते घरी आले ते थेट खाटेवर. बरोबर त्याच आठवड्यात शाळेची पूर्वपरीक्षा संपली आणि मुलांना अभ्यासासाठी घरी सोडलं. मला मार्चएंड. नवऱ्याला शिफ्ट. जाऊबाई दिवस उगवायच्या आत मळ्यात. आई कुठे होती असं विचारणारे भेटतात मला, म्हणून सांगते, आई नोकरीवर होती, कारण ऑपरेशनचा खर्च त्या नोकरीतूनच निघणार होता. घरी कोण, तर सासरे आणि दहावीची पोरगी.

आजारी माणसाला बघायला जाणं आमच्याकडे किती कडक असतं हे शहरातल्यांना सांगून कळायचं नाही. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आहेर पाठवता येतो. पण आजाऱ्याला बघायला नाही गेलं तर ते पोरांच्या पोरांपर्यंत लक्षात राहतं. "त्याचा खुबा मोडला तेव्हा ह्यांच्यातलं कोणी फिरकलं नव्हतं." त्यामुळे सगळे आले. सिन्नरहून आले, घोटीहून आले, वणीहून आले. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं ते आले. सगळे दुपारी आले, कारण दुपारी एसटीला गर्दी कमी असते. आणि आलेल्याला चहा द्यायचा हे तर सांगायलाच नको. चहा न घेता उठलं तर आजाऱ्याला अपशकुन, चहा न विचारता पाठवलं तर घराण्याची लाज.

चहा कोण करणार? जी घरी आहे ती.

पोरगी भूमितीचं प्रमेय अर्ध्यात सोडून उठायची. एकाला बिनसाखरेचा, एकाला आलं घालून, मामेसासऱ्यांना कोरा. ते पीत असताना विचारायचे, "झाला का अभ्यास?" आणि ही हातात ट्रे घेऊन म्हणायची, "करतेय." तिने मग ओट्यावरच पुस्तक ठेवायला सुरुवात केली. इतिहासाचं पुस्तक चहाच्या डब्याला टेकवून उभं. अजून आहे ते पुस्तक, त्याच्या निम्म्या पानांवर चहाचे डाग आहेत. मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा मोरीत कपबश्यांचा ढीग असायचा आणि पोरगी त्या घासत असायची.

वर मायाळूपणा बघा. येणारा प्रत्येक जण तिच्यासाठी पेन घेऊन यायचा. दहावीला बसलेल्या पोराला पेन द्यायचं, डोक्यावर हात ठेवायचा, असं आहे आमच्याकडे. एका खेपेत दोन कामं: आजाऱ्याला बघणं आणि परीक्षेला आशीर्वाद. वणीचे लोक देवीचा अंगाराही घेऊन आले, तो पेनांना लावला. घोटीच्या मामांनी तांदळाची गोणी आणली आणि वर पेन. इतकी पेनं जमली की एका कंपासपेटीत मावेनात. सगळ्यांनी तिला लिहायला पेन दिलं आणि लिहायला बसू कोणी दिलं नाही. भीक नको पण कुत्रा आवर, म्हणतात ते हेच.

मी काही केलं नाही असं नाही. मी ऑफिसात कागदावर छापून आणलं: "घरात दहावीचा अभ्यास सुरू आहे. कृपया बेल वाजवू नये." दाराला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारलं, तर पोरगी म्हणाली, "आई, बेल कोणीच नाही वाजवली. फाटकातूनच हाका मारल्या. एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या काकू पण आल्या. त्यांनाही चहा केला." नणंद मला म्हणाली, "वहिनी, तुझ्या पाटीवर लिव्हल्यालं होतं बेल वाजवू नका, म्हणून आम्ही बेलीला हातच नाय लावला."

संध्याकाळी सासऱ्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. "सूनबाई, ते दारावरचं काढ." मी म्हटलं, दादा, तिची परीक्षा आहे. ते म्हणाले, "हाय ना. पण मानसं येत्यात म्हणून मी हे. न्हायतर ह्या खाटंवर मी कवाच गेलो असतो." खोटं नव्हतं ते. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवायचे नाहीत. माणसं यायला लागली तसे ते उठून बसायला लागले. कुबडी घेऊन पहिलं पाऊल टाकलं तेही घोटीच्या मामांना दाखवायला. मी पाटी काढली. काढताना भिंतीचा रंग निघाला, तो डाग अजून आहे.

मधल्या वेळात पोरगी त्यांच्याच खाटेच्या पायथ्याशी बसून मोठ्याने पाठ करायची. त्यांनाही दोन-चार इंग्रजी शब्द चिकटले. मेडिसिन, थँक्यू, आणि सगळ्यात आवडता ग्रँडफादर. आलेल्या माणसाला छातीवर हात ठेवून सांगायचे, "मी हिचा ग्रँडफादर." माणसं हसायची, तेही हसायचे, आणि पोरगी आत चहाचं आधण ठेवायची.

निकालाच्या दिवशी ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आजोबांसमोर चहाचं काही बोलायचं नाही हं. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं." मी म्हटलं, त्यांच्यामुळेच झालं. ती म्हणाली, "त्यांच्यामुळे नाही, त्यांच्यासाठी. शब्द दे." सोळा वर्षांची पोरगी माझ्याकडून शब्द घेत होती. मी दिला. आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईने तो आठ वर्षं पाळला, यातच काय ते समजा. घरात दहावीचा विषय निघाला की सासरे काठी घेऊन मळ्याकडे निघून जायचे. मला वाटायचं त्यांना टक्केवारीतलं काही कळत नाही, म्हणून कंटाळून जातात.

तर मुलाखतीची बोलावणी. सगळी दारं बंद झाली असं वाटत असताना एका संस्थेचं आलं. वरच्या चार-पाचांतलीच, पण दहावीला जरा कमी तोलणारी. पोरगी लॅपटॉपसमोर उभीच राहिली. मला आधी कळेना की ही रडतेय का हसतेय. त्या दिवशी तिने कुकरचं विचारलं नाही, नवऱ्यानेच लावला.

सर म्हणाले, "तयारी करा. दहावीचं ते विचारणारच. एवढं सगळं चांगलं आणि तिथेच खड्डा का, हे कोणीही विचारील. नीट उत्तर दिलं तर तोच मुद्दा तिच्या बाजूने जाईल. रडगाणं नको. जे झालं ते दोन वाक्यांत सांगायचं."

मी म्हटलं, सोपं आहे. आजोबांचं ऑपरेशन झालं होतं, आई-वडील नोकरीवर, घर मी सांभाळलं. यात खोटं काय आहे? उलट अशी पोरगी तर त्यांनी धावत घ्यायला हवी. माणसं सांभाळायचं शास्त्र शिकवतात ना तिथे? मग हिने सोळाव्या वर्षी अख्खा सिन्नर तालुका सांभाळलाय. पोरगी नुसतं "बघते" म्हणाली. मी रोज स्वयंपाक करताना तिला तो प्रश्न विचारायचे आणि ती रोज काहीतरी दुसरं काम काढून उठायची. माझा जीव नुसता वर-खाली. एवढी वर्षं मेहनत करून एका दारापाशी आलीय, आणि दार उघडायची किल्ली हातात असून ही कुलूप बघत बसलीय असं मला झालं होतं.

मुलाखत ऑनलाइन होती, घरूनच. आमच्या घरात दाराची अशी खोली एकच, स्वयंपाकघराला लागून. तिथे टेबल लावलं, मागे भिंतीला साधी चादर टांगली, पंखा आवाज करतो म्हणून बंद ठेवला. आदल्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून बजावलं होतं, की उद्या सकाळी कोणी यायचं नाही. आमच्याकडे असं सांगणं म्हणजे आमंत्रणच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सासऱ्यांनी सकाळीच आंघोळ केली, टोपी घातली आणि त्या खोलीच्या दारासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. काठी आडवी मांडीवर. मी म्हटलं, दादा, ओट्यावर उन्हात बसा. ते म्हणाले, "हितंच बराय."

मुलाखत सुरू झाली आणि दहाएक मिनिटांत फाटक वाजलं. सिन्नरची नणंद. हातात पिशवी, पिशवीत पेन. पहिल्या एसटीने आली होती बाई. आल्या आल्या म्हणाली, "कुठंय पोरगी? पेन देते आन् निघते, नुसता डोक्यावर हात ठेवते." मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते, ओरडायची सोय नव्हती, हातानेच नको नको म्हणत होते. ती माझ्याकडे बघेल तर ना.

सासऱ्यांनी काठी दारावर आडवी धरली. "आत नाय जायचं."

"आवो दादा, मी काय परकी हे का?"

"परकी नाय. पण आत नाय जायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागल्या खेपंला लय चहा प्यालो आपन तिच्या हातचा. त्याच्यातच गेली तिची दहावी. आता बस गप."

नणंद बसली. बसायला लागलीच तिला. मी मात्र उंबऱ्यातच उभी राहिले. म्हणजे यांना माहीत होतं. मळ्याकडे निघून जायचे ते कंटाळून नव्हे. आठ वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन हिंडतोय आणि मी त्यांना टक्केवारीतलं कळत नाही असं समजून बसलेय.

आणि बरोबर तेव्हाच भिंतीपलीकडून तो प्रश्न आला. लॅपटॉपमधून एका गृहस्थांचा आवाज, इंग्रजीत, अगदी सभ्य. बाकी सगळं इतकं चांगलं आहे, मग दहावीतच काय झालं? मी कान भिंतीला लावला. आता सांग, माझे बाई, आता सांग.

पोरीने इंग्रजीतच उत्तर दिलं, एकाही शब्दाला न अडखळता. त्या वर्षी मला माझा वेळ नीट वापरता आला नाही. त्याची जबाबदारी माझी आहे. नंतर मी ते सुधारलं. बस, एवढंच. गृहस्थ "ओके" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला गेले.

मला तिथल्या तिथे डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, पण आवाज गेला असता.

पुढे यादी लागली. तिचं नाव नव्हतं. थांबा-बघू यादीतही नव्हतं. त्या एका उत्तराने गेलं की आणखी कशाने, हे कोणी सांगत नाही. ते कळवतात की आम्हाला खेद आहे, आणि खेद कशाचा ते लिहीत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मिळालंय तिला, बरं कॉलेज आहे, जुलैत जाईल. पण लोक खुर्चीत सरळ बसतात तसलं नाही. नणंदेने फोनवर माझी समजूत घातली, "जाऊ दे वहिनी, एमबीए कुठून केलं हे पुढं कोण विचारतंय?" मी फोन ठेवून दिला. पहिल्यांदाच असं केलं, आणि फार बरं वाटलं.

त्या दुपारी माझा बांध फुटला. रविवार होता. पोरगी स्वयंपाकघरात खाली बसून कोथिंबीर निवडत होती आणि मी तिच्यासमोर उभी राहून तिला झाडत होते. मी म्हटलं, इतकी शहाणी झालीस, एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही तुझ्या? खोटं बोलायचं नव्हतं, कोणाच्या पाया पडायचं नव्हतं. माझे ग्रँडफादर आजारी होते, एवढंच म्हणायचं होतं. वेळ नीट वापरला नाही म्हणे. कोणी वापरला तुझा वेळ? आणि तू जबाबदारी घेतेस? ज्यांनी चहा ढोसला ते पेनं वाटत हिंडतायत आणि तू म्हणतेस चूक माझी. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. राग कोणाचा होता, देव जाणे. त्या गृहस्थांचा होता, तिचा होता, त्या शहात्तर आकड्याचा होता.

तिने देठं एका बाजूला केली. "आजोबा दाराशीच बसले होते, आई."

"बसले तर बसले. तू इंग्रजीत बोलत होतीस. त्यांना कुठे कळतं इंग्रजी?"

"ग्रँडफादर कळतं," ती म्हणाली. "मीच शिकवलंय."

सोळाव्या वर्षी तिने मागितलेला शब्द चोविसाव्या वर्षी तीच पाळत होती, आयुष्याचं काय ते ठरत असताना, पंखा बंद केलेल्या खोलीत घामाने भिजून. आणि त्या लोकांना म्हणे सातत्य बघायचं होतं.

तिला सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाई, त्यांना सगळं ठाऊक आहे, तू उगाच गमावलंस. पण ते सांगायचं म्हणजे तिच्याकडे एवढंच उरणार, की उगाच गमावलं. मी तोंडात पदर धरला आणि भिंतीला टेकून खाली बसले. कोथिंबिरीची एक जुडी ओढली आणि निवडायला लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं. वणीचे कोणी आले होते, यादीचं कळलं म्हणून धीर द्यायला. बाहेर पायताणं काढल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्या, खुशाली झाली. पोरीने सवयीने कोथिंबीर बाजूला केली आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

"सूनबाई," बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "चहा तू टाक. तिला नको उठवू."

तिचा हात तसाच जमिनीवर राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. मग मी उठले आणि आधण ठेवलं.